‘अनब्रेकेबल’ : सामान्य माणसातला सुपरहिरो

प्रत्येक सुपरहिरोच्या कथेत एक वळण ठरलेले असते. त्या वळणाच्या अलीकडे नायक चारचौघांसारखा माणूस असतो, पलीकडे तो तसा राहत नाही. कुणाला कोळी चावतो, कुणाच्या प्रयोगशाळेत स्फोट होतो, कुणी परग्रहावरून येऊन शेतात सापडतो. बहुतेक चित्रपट हे वळण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ओलांडतात, कारण खरी गोष्ट त्यांना पुढे सांगायची असते. एम. नाइट श्यामलन यांचा ‘अनब्रेकेबल’ हा 2000 सालचा थरारपट मात्र आपली सगळी 106 मिनिटे या वळणावरच थांबतो. फिलाडेल्फियातल्या एका स्टेडियमवर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा, संसारात मन न उरलेला एक मध्यमवयीन माणूस आपण इतरांपेक्षा वेगळे असू शकतो हे आधी नाकारतो, मग तपासतो आणि शेवटी स्वीकारतो. चित्रपटाची कथा एवढीच आहे आणि या प्रकारातल्या चित्रपटांत तिच्या तोडीचे फार थोडे सापडते.

श्यामलन यांचा जन्म 6 ऑगस्ट 1970 रोजी माहे येथे झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. बालपण गेले ते फिलाडेल्फियाच्या उपनगरात, आणि त्यांच्या बहुतेक चित्रपटांचे मुक्कामाचे ठिकाण हेच शहर व त्याचा परिसर राहिले आहे. 1999 मध्ये आलेल्या ‘द सिक्स्थ सेन्स’ने त्यांना एका झटक्यात जगभर नाव मिळवून दिले. त्या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली आणि त्याने 67 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पुढच्याच वर्षी, तोच नायक म्हणजे ब्रूस विलिस आणि तेच शहर घेऊन त्यांनी ‘अनब्रेकेबल’ केला. साहजिकच प्रेक्षक दुसऱ्या ‘सिक्स्थ सेन्स’ची वाट पाहत चित्रपटगृहात शिरले.

या अपेक्षेला निर्मितीसंस्थेनेही खतपाणी घातले. 2000 साली सुपरहिरोपटाची बाजारातली पत आजच्यासारखी नव्हती. 1997 च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने या प्रकाराचे हसे करून ठेवले होते. 1998 चा ‘ब्लेड’ आणि 2000 च्या जुलैतला ‘एक्स-मेन’ यांनी थोडी धुगधुगी आणली असली, तरी ‘स्पायडर-मॅन’ यायला अजून दोन वर्षे आणि ‘आयर्न मॅन’ यायला आठ वर्षे होती. कॉमिकचे नाव घेतले तर मोठी माणसे येणार नाहीत या धास्तीने ‘अनब्रेकेबल’ची जाहिरात एक गूढ मानसशास्त्रीय थरारपट म्हणून झाली. रेल्वे अपघातातून एकटा वाचलेला प्रवासी आणि त्याला भेटणारा विचित्र माणूस एवढेच लोकांना सांगितले गेले. सुमारे 7.5 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे 24.8 कोटी मिळवले, पण आदल्या वर्षीच्या यशापुढे हा आकडा फिकाच ठरला. भुताची धडकी अपेक्षित असलेल्या प्रेक्षकाला समोर दिसला तो एका उदास कुटुंबाचा संथ चित्रपट. त्याचे मोल लोकांच्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. क्वेंटिन टॅरँटिनो यांनी 2009 मध्ये सांगितलेल्या, 1992 पासूनच्या आपल्या आवडत्या वीस चित्रपटांच्या यादीत ‘अनब्रेकेबल’ आहे. पृथ्वीवर वावरणाऱ्या सुपरमॅनला आपण सुपरमॅन आहोत हेच ठाऊक नसेल तर काय होईल, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे आणि जाहिरातीत तोच विचारायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे.

श्यामलन यांनी आरंभी सुपरहिरोची रूढ तीन अंकी कथा योजली होती. पहिल्या अंकात नायकाला शक्तीचा शोध लागतो, दुसऱ्यात तो किरकोळ गुन्हेगारांशी झुंजतो, तिसऱ्यात मुख्य खलनायकाशी सामना. लिहिता लिहिता त्यांना पहिल्याच अंकात रस वाटू लागला आणि उरलेले दोन त्यांनी बाजूला ठेवले. चित्रपटाची ताकद या निर्णयात आहे. तिसऱ्या अंकातला सामना डोळ्यांना सुखावतो, पण आपण अमुक आहोत हे स्वतःशी कबूल करताना माणसाच्या मनात जी ओढाताण होते तिला तिथे जागा उरत नाही.

चित्रपट सुरू होतो तो पडद्यावर उमटणाऱ्या मजकुराने. कॉमिकची सरासरी पाने किती, चित्रे किती, अमेरिकेत रोज किती प्रती विकल्या जातात, असे आकडे. त्यानंतर 1961 मधले फिलाडेल्फियातले एक मोठे दुकान, आणि तिथे नुकतेच जन्मलेले बाळ. डॉक्टर बाळाला हातात घेतो आणि त्याचा चेहरा बदलतो : बाळाचे हातपाय आईच्या पोटातच मोडलेले आहेत. हा प्रसंग बराचसा आरशातल्या प्रतिबिंबात दाखवला आहे. हे बाळ म्हणजे एलायजा प्राइस. हाडे काचेसारखी तडकणारा जन्मजात आजार त्याला आहे, त्यामुळे शाळेतली मुले त्याला ‘मिस्टर ग्लास’ म्हणतात. पुढे सॅम्युअल एल. जॅक्सन यांच्या रूपात तो भेटतो तेव्हा आयुष्यात 54 वेळा हाड मोडल्याचे स्वतःच सांगतो. या आजाराच्या प्रकारांपैकी आपला प्रकार सौम्य आणि चौथा सर्वांत घातक, असेही तो म्हणतो. वैद्यकशास्त्राच्या वर्गीकरणात बाळाच्या जिवावर बेतणारा प्रकार दुसरा आहे, तेव्हा हा तपशील चुकला आहे. शरीराच्या ठिसूळपणाविषयी चित्रपटाला जे म्हणायचे आहे त्याला मात्र या चुकीने बाधा येत नाही.

मग येते न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला निघालेली ईस्टरेल 177 ही गाडी. तिच्यात चित्रपटाचा नायक डेव्हिड डन (ब्रूस विलिस) बसला आहे. शेजारच्या आसनावर एक तरुणी येऊन बसते आणि तो हळूच बोटातली लग्नाची अंगठी काढतो. हा सगळा प्रसंग पुढच्या दोन आसनांमधल्या फटीतून, जवळजवळ न कापता चित्रित केला आहे. कॅमेरा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे सरकत राहतो, एखादे मूल फटीतून डोकावून पाहते तसा. बोलणे फसते, ती उठून जाते, गाडीचा वेग वाढतो. अपघात पडद्यावर दिसतच नाही. पुढच्या प्रसंगात डेव्हिड रुग्णालयात बसलेला आहे आणि डॉक्टर त्याला सांगतो आहे की गाडीतला तो एकटाच जिवंत राहील असे दिसते, आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नाही. हे बोलणे चालू असताना चौकटीच्या पुढच्या भागात दुसरा एक प्रवासी पाठमोरा पडलेला आहे आणि त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्यावर रक्ताचा डाग पसरत जातो. कुणी किंचाळत नाही, संगीत वाढत नाही. नायकाचे वाचणे आणि दुसऱ्याचे मरणे एकाच चौकटीत मांडून चित्रपट आपला सर्वांत अवघड प्रश्न इथेच रोवून ठेवतो. उत्तर यायला शेवटचा प्रसंग उजाडावा लागतो.

डेव्हिड सामान्य का आहे, याचे उत्तर हा चित्रपट फार विचारपूर्वक देतो. कॉमिकमधल्या नायकांचे साधेपण बहुधा सोंग असते. क्लार्क केंटचा चष्मा उतरला की आत सुपरमॅन तयार असतो. 1962 मध्ये आलेल्या पीटर पार्करच्या अडचणी खऱ्या होत्या, पण त्यालाही आपली शक्ती ठाऊक होती. डेव्हिडला ती ठाऊक नाही, आणि न जाणण्यात त्याचा स्वतःचा हात आहे. महाविद्यालयात तो फुटबॉलचा नामांकित खेळाडू होता. एका मोटार अपघातानंतर जखमी झाल्याचे सांगून त्याने खेळ सोडला. त्या अपघातात त्याला काहीच झाले नव्हते. उलट त्यानेच गाडीचा दरवाजा उपटून, पुढे त्याची पत्नी झालेल्या ऑड्रीला बाहेर काढले होते. खेळातली हिंसा तिला मान्य नव्हती, आणि तिच्याशी संसार करायचा म्हणून त्याने दुखापतीचा बहाणा केला. त्याचे सामान्यपण हा त्याने घेतलेला निर्णय आहे, आणि तो निर्णय एका खोटेपणावर उभा आहे. ज्या लग्नासाठी हे सारे केले ते लग्नही आता मोडकळीला आले आहे. नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, तो न्यूयॉर्कला नोकरी शोधतो आहे. रोज सकाळी जाग येताच त्याला एक अकारण उदासी घेरते. करायला हवे ते काम तू करत नाहीस म्हणून ही उदासी आहे, असे निदान एलायजा करतो. पुढे तो खुनी ठरतो, पण त्याचे हे निदान अचूक आहे.

एलायजाचा युक्तिवाद सोपा आहे. आपल्यासारखा काचेच्या हाडांचा माणूस जगाच्या एका टोकाला असेल, तर दुसऱ्या टोकाला न मोडणारा माणूस असलाच पाहिजे. कॉमिक त्याच्या लेखी करमणूक नाही; जुन्या काळच्या माणसांनी पाहिलेल्या, मग अतिशयोक्तीत बुडालेल्या गोष्टींची ती शेवटची नोंदवही आहे. ‘लिमिटेड एडिशन’ या त्याच्या दालनात कॉमिकची मूळ चित्रे विकायला असतात, पण चार वर्षांच्या मुलासाठी चित्र घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो विक्री नाकारून बाहेर काढतो. अपघातातल्या मृतांच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेहून परतलेल्या डेव्हिडला गाडीच्या काचेवर त्याची चिठ्ठी मिळते. आयुष्यात किती दिवस आजारी होतास, एवढाच तिच्यात प्रश्न. डेव्हिड वरिष्ठाकडे जाऊन आपल्या आजारपणाच्या रजा विचारतो. एकही रजा नाही असे उत्तर येते आणि वरिष्ठाला वाटते की गडी पगारवाढ मागतो आहे. ती तो देऊनही टाकतो. सुपरहिरोच्या आयुष्यातला पहिला पुरावा हजेरीच्या नोंदीतून मिळतो, इतका हा चित्रपट जमिनीवर राहतो.

तळघरातला वजने उचलण्याचा प्रसंग चित्रपटाचा कणा म्हणता येईल. डेव्हिड बाकावर आडवा होऊन वजन उचलतो आहे, मुलगा जोसेफ दांडीला वजने लावतो आहे. बापाने काही वजन कमी करायला सांगितलेले असताना मुलाने वाढवले आहे, आणि ते उचलले गेले आहे. मग दोघांनाही थांबवत नाही. घरातली सगळी वजने संपतात तेव्हा रंगाचे डबे दांडीला लटकवले जातात. पडद्यावर घडते ते केवळ हे की एक माणूस लोखंड वरखाली करतो. परंतु बापलेकांच्या चेहऱ्यांवर भीती आणि आनंद एकत्र दिसतात आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. या प्रसंगाचे दुसरे टोक स्वयंपाकघरात आहे. बापाला काही होत नाही हे सिद्ध करायला जोसेफ त्याच्यावर पिस्तूल रोखतो. आई हादरते, समजावते, ओरडते. मूल ऐकत नाही. डेव्हिड जेव्हा सांगतो की तू गोळी झाडलीस तर मी घर सोडून न्यूयॉर्कला जाईन, तेव्हा पिस्तूल खाली येते. गोळीने बाप मरेल असे त्या मुलाला वाटतच नव्हते. त्याला एकच भीती होती, बाप घर सोडून जाण्याची. स्पेन्सर ट्रीट क्लार्क या बालनटाने हा प्रसंग ज्या तीव्रतेने केला आहे, तिच्यापुढे नंतरच्या कित्येक चित्रपटांतली कोसळणारी शहरे उणी वाटतात.

रचनेत कॉमिकची भाषा अशी मुरवली आहे की ती वेगळी जाणवत नाही. छायालेखक एदुआर्दो सेरा आणि संकलक डिलन टिचेनर यांनी कापाकापी कमीत कमी ठेवली. दारे, खिडक्या, पडदे, आसनांच्या फटी यांतून दृश्ये बांधली, त्यामुळे प्रत्येक चौकट कॉमिकच्या पानावरच्या चौकोनासारखी बसते. लहानपणी घराबाहेर पडायला नकार देणाऱ्या एलायजाला आई समोरच्या बागेतल्या बाकावर भेट ठेवून बाहेर काढते. जांभळ्या वेष्टनातले ते कॉमिक त्याच्या हातात उलटे येते, आणि ते सुलट होताना कॅमेराही त्याच्याबरोबर फिरतो. जांभळा हा एलायजाचा रंग, हिरवा डेव्हिडचा. बाकी जग करडे-निळे. म्हणूनच रेल्वे स्थानकाच्या गर्दीत डेव्हिड हात किंचित पसरून उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या स्पर्शातून त्यांचे गुन्हे त्याला दिसू लागतात, तेव्हा त्या गुन्हेगारांच्या अंगावरचे भडक कपडे एकदम डोळ्यांत भरतात. सुपरहिरोचा पोशाखही आहे : पावसाळी अंगरखा, ज्याच्या पाठीवर सुरक्षारक्षक अशी अक्षरे आहेत आणि ज्याची टोपी डोक्यावर ओढली की चेहरा अंधारात जातो. नोकरीचा गणवेशच नायकाचा झगा झाला. जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे संगीत इथे विजयाचे नगारे वाजवत नाही. त्याची मुख्य धून शोकगीताच्या अंगाने जाते.

डेव्हिड ज्या नारिंगी कपड्यांतल्या माणसाच्या मागावर जातो, त्याने एका घरात घुसून बापाला मारले आहे आणि कुटुंबाला कोंडले आहे. डेव्हिड मुलांना सोडवतो, आणि लगेच गच्चीवरून ढकलला जाऊन खाली पोहण्याच्या हौदात पडतो. पाणी हा त्याचा एकच कच्चा दुवा. लहानपणी तो बुडता बुडता वाचला होता. ज्यांना सोडवले तीच मुले काठी पुढे करून त्याला बाहेर काढतात. नंतरची झुंज म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या पाठीवरून मानेला घातलेली मिठी. भिंतीवर आपटला तरी तो सोडत नाही, आणि समोरचा हळूहळू ढिला पडतो. मुलांची आई मात्र आधीच मेलेली असते. पहिल्याच कामगिरीत अर्धे यश, असा हा नायक. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी डेव्हिड टोपीवाल्या अनोळखी माणसाचे चित्र छापलेले वर्तमानपत्र जोसेफकडे सरकवतो, मुलाचे डोळे भरून येतात, आणि आईला कळू द्यायचे नाही असा दोघांत मूक करार होतो.

शेवटाची चर्चा केल्याशिवाय या चित्रपटाविषयी मत देता येत नाही. एलायजाच्या दालनातल्या प्रदर्शनात त्याची आई डेव्हिडला दोन प्रकारचे खलनायक समजावते, एक हाताने लढणारा आणि दुसरा बुद्धीने लढणारा. थोड्याच वेळात एलायजा हात पुढे करतो, डेव्हिड तो धरतो आणि त्याला दिसते : विमान अपघात, हॉटेलची आग आणि ईस्टरेल 177, तिन्ही घातपात एलायजाने केले आहेत. न मोडणारा माणूस सापडावा म्हणून त्याने शेकडो मोडून पाहिले. आता आपण कोण आहोत हे आपल्याला कळले, या आनंदात तो असतो. रुग्णालयातल्या त्या पसरत्या डागाचा अर्थ इथे लागतो. डेव्हिडला जी ओळख मिळाली तिची किंमत गाडीतल्या प्रत्येक मृताने मोजली आहे. तो चांगले काम करू लागला हे खरे, आणि ते काम एका महापातकाविना सुरू झालेच नसते हेही खरे. चित्रपट यातली कोणतीही बाजू हलकी करत नाही, आणि या ठिकाणी तो थरारपटाच्या चौकटीपलीकडे जातो.

नेमका याच ठिकाणी तो ढळतोही. डेव्हिड पाठ फिरवून निघतो आणि पडद्यावर दोन ओळींचा मजकूर येतो : त्याने पोलिसांना पुरावे दिले, एलायजाला मनोरुग्ण गुन्हेगारांच्या संस्थेत ठेवले. इतका वेळ सगळे चेहऱ्यांवर आणि शांततेत सांगणाऱ्या चित्रपटाने निर्णयाची जबाबदारी अशी घाईने अक्षरांवर टाकावी हे खटकते. खबर द्यायची की नाही, हा डेव्हिडपुढचा पेच स्वतंत्र प्रसंगाच्या योग्यतेचा होता. आणखी दोन आक्षेपही रास्त आहेत. पंगू शरीर म्हणजे वाकडे मन, ही जुनी, अन्यायकारक समजूत एलायजाच्या रूपाने पुन्हा वापरली गेली आहे. जॅक्सन यांनी त्या माणसाला जी प्रतिष्ठा आणि जी एकाकी वेदना दिली आहे, तिच्यामुळे दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. आणि रॉबिन राइट यांच्या ऑड्रीला पटकथेने पुरेसे काही दिलेले नाही. शेवटी नवऱ्याचे गुपित तिच्यापासूनच लपवले जाते, म्हणजे ज्या खोटेपणाने संसार पोखरला त्याचीच पुनरावृत्ती. याची दखल चित्रपट घेत नाही.

2021 मध्ये आलेला बेसिल जोसेफ यांचा ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम चित्रपट याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. केरळातल्या एका गावातला शिंपी आणि त्याच गावातला, सगळ्यांनी हेटाळलेला दुसरा एक माणूस, दोघांवरही वीज पडते आणि दोघांनाही सारखीच शक्ती मिळते. बाज वेगळा, विनोदाचा आणि जत्रेचा, पण नायक आणि खलनायक एकाच घटनेची दोन अपत्ये असणे आणि खलनायकाचे दुःख खरे असणे, हे धागे तिथेही आहेत. भारतीय प्रेक्षकाला ‘अनब्रेकेबल’मधले एलायजाचे स्थान त्यातून लवकर उमगते.

श्यामलन यांनी ही कथा पुढे नेली. 2017 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘स्प्लिट’मधला अनेक व्यक्तिमत्त्वांचा गुन्हेगार मुळात ‘अनब्रेकेबल’च्या आरंभीच्या आराखड्यातला होता; ‘स्प्लिट’च्या अगदी शेवटी डेव्हिड डन एका खानावळीत बसलेला दिसतो. 2019 च्या ‘ग्लास’मध्ये डेव्हिड, एलायजा आणि हा गुन्हेगार असे तिघे समोरासमोर आले. बाजूला ठेवलेला तिसरा अंक असा एकोणीस वर्षांनी लिहिला गेला, पण त्यात सिद्धान्ताची भाषणे वाढली आणि घर हरवले. डेव्हिडचा शेवट तिथे एका खड्ड्यातल्या पाण्यात होतो. त्याला जे वजन यायला हवे होते ते येत नाही, कारण त्या माणसाच्या सकाळच्या उदासीशी, बायकोशी, स्वयंपाकघराशी त्याचा संबंध उरलेला नाही. म्हणून नव्या प्रेक्षकाने ‘अनब्रेकेबल’ हा त्रयीचा पहिला भाग म्हणून न पाहता आधी स्वतंत्र चित्रपट म्हणून पाहावा, आणि पुढचे दोन नंतर, वेगळ्या अपेक्षेने.